जावयाची बाटली, मोरचूद आणि पिकदाणी

या महिन्याच्या टपालात रेड वाईनचेच प्रश्न जास्त आहेत. दिवाळीला परदेशातून पाहुणे येतात, त्यांच्या बॅगेतून बाटल्या येतात आणि मग मला पत्रं येतात. त्यातली पाच निवडली. बहुतेक प्रश्न फिरून फिरून फ्रान्समधल्या बोर्दोपाशीच येतात. त्या गावात मी दोन वर्षं वाईनचं शिक्षण घेतलं आहे, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या जावयांनी तीन वर्षांपूर्वी रेड वाईनची एक बाटली दिली. लेबलावर ‘पोयाक’, ‘2010’ आणि ‘ग्राँ क्र्यू क्लासे आँ 1855’ असं लिहिलं आहे, हे त्यांनीच वाचून दाखवलं. बाटली हॉलच्या शोकेसमध्ये उभी आहे. दर फोनला ते विचारतात, “बाबा, उघडली का?” मी आयुष्यात दोनदा वाईन प्यायलो, दोन्ही वेळा तोंड आवळून आलं. ही उघडायची केव्हा, आणि हिच्यात चांगलं काय ते आम्हाला कळायचं कसं?
– सेवानिवृत्त मुख्याध्यापक, कोथरूड

उत्तर : सर, आधी तिला शोकेसमधून उतरवा आणि आडवी ठेवा. बाटली उभी राहिली की बूच वाळतं, आकसतं आणि हवा आत शिरते. अशा वाईनला बारा-चौदा अंश तापमान आणि अंधार लागतो. तुमच्या हॉलने तिला पुण्याचे तीन उन्हाळे दाखवलेत. जावईबापूंच्या तिकडच्या तळघरात ती असती, तर ‘अजून दहा वर्षं हात लावू नका’ असं मी म्हटलं असतं. तुम्ही मात्र याच थंडीत उघडा. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा वरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ दिसला, तर उन्हाने आपलं काम केलंय असं समजा. मग वास ताज्या फळाऐवजी पाक पुढे गेलेल्या मुरांब्यासारखा येईल. तरी चाखल्याशिवाय ओतून देऊ नका.

आता लेबल. पोयाक हे बोर्दो शहराच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, जिरोंद नदीच्या रुंद मुखाकाठचं लहानसं गाव. तिथल्या बागेत मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पायाखाली माती कमी आणि गोटे जास्त होते. निफाडच्या काळ्या रानात आयुष्य गेलेले माझे वडील ते पाहून ‘इथं बाजरीसुद्धा यायची नाही’ म्हणाले असते. पण त्या गोट्यांतून पाणी झरझर खाली उतरतं, वेल मुळं खोल सोडते आणि फळ बेतानंच धरते. तिथली मुख्य द्राक्षं काबेर्ने सोव्हिन्यों या जातीची. मणी बारका, साल जाड, बी मोठं.

‘ग्राँ क्र्यू क्लासे आँ 1855’ म्हणजे 1855 च्या प्रतवारीत बसलेलं नामी घराणं. तिची गोष्ट अशी. पॅरिसच्या भव्य प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या उत्तम वाईनची यादी मागवण्यात आली. ती काही कुणी पेले लावून, चव घेऊन केली नाही. दलालांनी वह्या काढल्या, कुठल्या शातोचा माल वर्षानुवर्षं काय भावाने जातो ते पाहिलं आणि पाच वर्ग पाडले. शातो म्हणजे बाग आणि वाईनघर मिळून एक घराणं. आमच्याकडे लासलगावचे आडते कांद्याची प्रत लावतात, तसाच प्रकार. त्यानंतर या यादीत मोठा म्हणावा असा बदल एकच झाला : 1973 मध्ये मुतों रोथशिल्ड या शातोला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतलं. यादीतली अठरा शातो एकट्या पोयाकमध्ये आहेत, पहिल्या वर्गातल्या पाचांपैकी तीन तिथलीच. म्हणजे तुमच्या बाटलीचं घराणं मोठं आहे. गाणं कसं आहे ते ऐकूनच कळेल.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा. पंधरा वर्षांच्या वाईनमध्ये गाळ असतो, तो तळाशी बसू द्या. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे तुम्ही ऐकलं असेल. ती रूम जुन्या फ्रेंच घरातली, सोळा-अठरा अंशांची. तुमच्या दिवाणखान्यात आधी स्पिरिटचाच भपका येईल, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बूच हळू काढा. तुटून आत पडलं तर घाबरू नका, मलमलीतून गाळून घ्या. मग एका स्वच्छ काचेच्या जगमध्ये एका धारेत, हात न हलवता ओता. ओतताना बाटलीच्या मानेमागे उजेड हवा. तिकडे मेणबत्ती धरायचे, तुम्ही मोबाइलचा टॉर्च धरा. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबा. खालची दोन बोटं तशीच राहू द्यायची. मन कळवळेल, पण राहू द्या.

पेला एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या धोतरावर किंवा टेबलक्लॉथवर तिरका धरून कडेचा रंग बघा. तरुण वाईनची कड जांभळी असते, वयात आलेलीची विटकरी. मग पेला न हलवता एकदा वास घ्या, त्यानंतर गोल फिरवून पुन्हा घ्या. दोन वासांत फरक असतो, कारण जड वास हवा लागल्याशिवाय वर येत नाहीत. पोयाकमध्ये मला हमखास सापडतो तो नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास. फ्रेंच लोकही त्याला पेन्सिलीचंच नाव देतात. तुम्ही तर शाळेत आयुष्य काढलंय, तुम्हाला तो माझ्याआधी येईल. मागून लवंग येईल. ती कल्पना नव्हे : ही वाईन 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत महिनोन् महिने मुरते, आणि लवंगेत जे युजेनॉल असतं तेच त्या लाकडातही असतं. द्राक्ष कमी पिकलं असेल तर ढोबळी मिरचीही डोकावते.

आता घोट. चूळ भरावी तेवढा घ्या, तोंडभर फिरवा, आणि ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. बशीतला गरम चहा फुर्रकन ओढताना होतो, तसाच आवाज झाला पाहिजे. लहानपणी त्याबद्दल धपाटा मिळाला असेल, इथे तो अभ्यासक्रमात आहे. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला बराचसा भाग तो असतो.

तुमचं तोंड ज्याने आवळलं त्याला मराठीत तुरट म्हणतात. वाईनवाले त्याला टॅनिन म्हणतात. ते सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येतं, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ कोरडी, खरखरीत वाटते. आपल्याकडे तुरट हा सहा रसांतला एक रस. आपल्याला कच्च्या केळ्याचा तुरटपणा वेगळा, जांभळाचा वेगळा, आणि आवळ्याचा तर वेगळाच, कारण त्याच्यामागून पाणी गोड लागतं. तुम्ही प्यायलेल्या त्या दोन वाईन बहुधा कच्च्या केळ्याच्या जातीच्या होत्या. चांगल्या पोयाकचा तुरटपणा आधी खडबडीत लागतो, पण वर्षांनुवर्षं टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. तुम्ही बाटलीत मागे ठेवलेला गाळ तो बराचसा हाच. जे वर उरतं ते आवळ्याच्या वळणावर जातं. 2010 हे बोर्दोचं नाणावलेलं वर्ष, टॅनिन भरपूर आणि आंबटपणाही ताठ. घोट गिळल्यावर तोंडात चव किती सेकंद टिकते ते मोजा. फ्रेंच तज्ज्ञ त्या एका सेकंदाला कोदाली म्हणतात, शेपटीच्या लॅटिन शब्दावरून. दहाच्या पुढे गेलात तर जावयांना फोन करा.

आणि एकाच पेल्यावर निकाल देऊ नका. पहिला पेला सात वाजता, दुसरा आठला, शेवटचा घोट नऊला. तिन्ही वेळेला वाईन निराळी लागेल. तीन-चार माणसांत एक बाटली पुरे.

प्रश्न : ताई, आमची तासगाव तालुक्यात तीन एकर थॉमसन बाग आहे. डावणीच्या बुरशीला आम्ही बोर्डो मिश्रण मारतो. परवा एक भाचा म्हणाला, हे बोर्डो म्हणजे दारूचं गाव. खरं आहे का? आणि असेल तर आमच्या द्राक्षाची तसली भारी रेड वाईन का होत नाही?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : दादा, भाचा हुशार आहे. गाव तेच. तिकडे ‘बोर्दो’ म्हणतात, आपल्या बॅरलमध्ये येईपर्यंत त्याचं ‘बोर्डो’ झालं.

1870 नंतरच्या दशकात फ्रान्सच्या बागांमध्ये अमेरिकेतून डावणी आली. पानं गळून जायची, मणी पिकायचे नाहीत. त्याआधी फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची कीड बागा खात होतीच, ती वेगळी रडकथा. मेदोक भागातल्या, म्हणजे पोयाकच्याच पट्ट्यातल्या सें-ज्युलियें गावाजवळ वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षं तोडून खायचे. म्हणून मालक रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण फासायचे. विषारी दिसलं पाहिजे, एवढाच हेतू. 1882 च्या ऑक्टोबरात बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे त्या रस्त्याने जात होते. सगळी बाग बोडकी, आणि रस्त्याकडेच्या निळ्या ओळींवर मात्र पानं हिरवीगार. त्यांनी चौकशी केली, रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्याबरोबर प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. तुम्ही पहाटे उठून जे टाकीत कालवता ते हेच.

एक सांगते, मोरचुदातलं तांबं जमिनीत पडलं की जात नाही. जवळजवळ दीडशे वर्षं मारून मारून बोर्दोच्या काही जुन्या जमिनींत ते साठलंय. म्हणून युरोपात आता सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे. पावसाळी हवेत दर चौथ्या दिवशी पंप सुरू करताना हे लक्षात असू द्या.

तुमचा दुसरा प्रश्न. द्राक्षाच्या रसाला बहुधा रंग नसतो. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत, आणि बराच तुरटपणा बीमध्ये. थॉमसनला बी नाही, साल पातळ, रंग हिरवा. शिवाय आपण जीए या वाढीच्या संप्रेरकाचे डोस देऊन मणी फुगवतो, म्हणजे गर वाढतो आणि त्या मानाने साल कमी पडते. टेबलावर खायला ते सोन्यासारखं, रेड वाईनला काहीच कामाचं नाही. काबेर्नेचा मणी तुम्ही बाजारात नेलात तर व्यापारी हसेल.

झाडाचं वेळापत्रकही वेगळं. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, तेव्हा वर्षातून एकदाच छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. मांडवही तिकडे नाही. मेदोकमध्ये कमरेइतक्या उंचीच्या ओळी असतात, काही ठिकाणी हेक्टरला दहा हजारापर्यंत झाडं. मी काढणीला गेले तेव्हा तीन दिवसांत कंबर मोडली. आपल्याकडे मान वर करून दुखते, तिकडे पाठ वाकवून.

दिंडोरीत शिराझ आणि काबेर्ने लावणारे शेतकरी आहेत, त्यांची वाईन मी रोज तपासते. त्यातली काही मला आवडते. पण ती पोयाकसारखी लागत नाही, आणि तशी लागावी म्हणून धडपडणाऱ्यांची वाईन मला सर्वांत कमी आवडते.

प्रश्न : फ्रेंच रेड वाईनबरोबर तांबडा रस्सा चालेल का?
– कोल्हापूर

उत्तर : नाही. तिखटाने तोंड पेटलं की टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही त्यावर रॉकेल ओततात. तांबडा रस्सा एकट्याने राज्य करतो, त्याला जोडीदार नको. पोयाकची माणसं तिथल्याच कोकराचं भाजलेलं मटण घेतात. मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, म्हणून वाईन मऊ लागते. मिरची हात राखून घातलेलं, तुपावर परतलेलं सुकं मटण करा. बांगडा मात्र कटाक्षाने टाळा, तोंडात लोखंडाची किल्ली धरल्यासारखी चव येते.

प्रश्न : ‘काळ्या मनुकांचा आभास, ओल्या जंगलाची चाहूल’ असलं काहीतरी बाटलीमागे लिहिलेलं असतं. खरं सांगा, हे सगळं ढोंग आहे ना?
– ठाणे

उत्तर : निम्मं आहे. आणि ते उघडं पाडलं तेही बोर्दोनेच.

2001 मध्ये तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनचा अभ्यास करणारे 54 विद्यार्थी. आधी त्यांना एक पांढरी आणि एक लाल वाईन देऊन वासाचे शब्द लिहायला सांगितले. नंतर पुन्हा दोन पेले दिले, एक पांढरा आणि एक लाल. दुसऱ्या वेळचा लाल पेला म्हणजे तीच पांढरी वाईन, फक्त वास नसलेला लाल रंग घातलेली. मुलांनी तिला लाल फळांचे शब्द लावले. डोळ्याने नाकाला सांगितलं आणि नाकाने ऐकलं.

यावर तुम्ही हसाल, पण माझा अनुभव त्याहून लाजिरवाणा आहे. 1999 साली मी तिकडे गेले तेव्हा वर्गात सगळे काबेर्नेच्या पेल्यात ‘कासिस’ लिहायचे. कासिस म्हणजे एक काळं, आंबट बोरासारखं फळ. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून मीही आठ-नऊ महिने कासिस लिहीत गेले, मार्कही मिळाले. जुलैत बाजारात एका बाईने कासिसचा घोस हातात दिला. खाल्ला, आणि कळलं की मी इतके दिवस ज्याला कासिस म्हणत होते ते भलतंच होतं. माझ्या डोक्यात जो वास होता तो जांभळाची बी चोखून चोखून पांढरी झाल्यावर जिभेवर राहतो, तो. दुसऱ्या दिवसापासून मी वहीत देवनागरीत ‘जांभूळ-बी’ लिहायला लागले. मास्तरांनी विचारलं, मी समजावलं, त्यांनी खांदे उडवले. पण त्यानंतर डोळे मिटूनही मला काबेर्ने ओळखता येऊ लागली.

आणखी एक कबुली. एका तासाला सरांनी तीन पेले ठेवले. मी दुसऱ्याची भरभरून तारीफ केली : घरासारखा वास, पावसाळ्यातल्या आमच्या माडीसारखा, मिटून ठेवलेल्या गोधड्यांसारखा. वर्ग शांत. ती बिघडलेली वाईन होती. खराब बुचातून येणाऱ्या एका संयुगाने तिला तो वास लागतो, टीसीए म्हणतात त्याला. तब्येतीला अपाय नाही, पण फळ मरतं. फ्रेंच लोक त्याला ओला पुठ्ठा म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, कुबट. माझं नाक बरोबर होतं, फक्त कुबटपणाशी माझं भांडण नव्हतं.

तेव्हा बाटलीमागचा मजकूर वाचू नका. हॉटेलात कुबट वास आला तर मात्र बिनधास्त परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे.

(याच पत्रात ‘रेड वाईन हृदयाला चांगली म्हणे’ असंही विचारलंय. औषध म्हणून पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही. आवडते म्हणून थोडी प्यावी, नाहीतर पिऊ नये.)

प्रश्न : मी तुलूझला शिकते. आम्ही पाच मराठी मुलं-मुली गाडी घेऊन मेदोकला शातो बघायला जाणार आहोत. तिथे वाईन चाखून थुंकायची असते म्हणे. लोकांसमोर थुंकायला फार विचित्र वाटतं. नाही थुंकलं तर चालेल का?
– तुलूझ, फ्रान्स

उत्तर : अगं, नाही चालणार. बोर्दोहून पोयाककडे जाणाऱ्या डी-2 रस्त्यावर एकापाठोपाठ एक शातो आहेत. चार ठिकाणी तीन-तीन वाईन म्हणजे बारा घोट, आणि मग परत तुलूझपर्यंत गाडी. फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नव्या परवान्याला 0.2. जो चालवणार त्याने तर एकही घोट गिळू नये. आणि नामांकित शातो आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत, तेव्हा मेल आत्ताच पाठवा.

थुंकण्याची लाज आपल्याला कशाला? पानाची पिंक नेमकी टाकणाऱ्यांच्या देशातली तू. टेबलावर जे उंच भांडं ठेवलेलं असतं ती सरळ पिकदाणी आहे. घोट घे, फिरव, हवा ओढ, मग ओठांचा चंबू करून गालांच्या जोराने एक बारीक सलग धार सोड. वाकून, जवळून. घरी आंघोळीच्या वेळी पाण्याने चार दिवस सराव कर. मी केला नव्हता. माझी पहिली धार भांड्याच्या काठावर आपटून फुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. काबेर्नेचा डाग निघत नाही.

गडद कपडे घालून जा.